दोघींच्या जन्मतारखा

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला काही लिहिते आहे. तुम्ही होतात तेव्हा पत्राचं कधी कारण पडलं नाही. सांगायचं ते मैदानावर सांगून व्हायचं, आणि जे सांगता येत नव्हतं ते आपण दोघांनीही सांगितलं नाही. उमरग्याच्या कॉलेजात मी आता मुलींना बास्केटबॉल शिकवते, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सिकंदराबादला होते, खेळत होते. पुढं गुडघ्याचं एक ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं, संघातून नाव गेलं आणि कचेरीतलं टेबल तेवढं उरलं. दोन वर्षं त्या टेबलाशी बसून काढली. मग इथली जागा निघाली आणि आले. सध्या परीक्षा चालू आहेत म्हणून मैदान रिकामं आहे. जिमखान्याच्या खोलीत बसले आहे, दुपारचे तीन वाजलेत, बाहेर हायवेवर हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली आहे.

आपल्या गावात कोर्ट कसं आलं हे मी मुलींना सांगते तेव्हा त्यांना ती थाप वाटते. भूकंपात जुनं गाव गेलं. माकणीच्या अलीकडं माळावर नवीन गाव वसलं, एकसारख्या घरांचं, ओळीत. कुठल्याशा दूरच्या देणगीदारांनी शाळा बांधून दिली, शाळेपुढं सिमेंटचा मोठा चौकोन ओतला आणि त्याच्या दोन टोकांना खांब उभे करून लोखंडी कड्या लावल्या. उद्घाटन झालं, फोटो निघाले, माणसं गेली. त्या कड्यांचं करायचं काय हे कुणी सांगितलंच नाही. गावानं तिथं सोयाबीन वाळत घातलं. तुम्ही तामलवाडीकडचे, कबड्डी खेळलेले, शाळेत मराठी शिकवायला आलेले. तुम्ही सोलापुरातून नियमांचं एक पातळ पुस्तक आणि एक बॉल आणलात, आणि सोयाबीनचे ढीग बाजूला सारायला लावलेत. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात शिटी. आम्ही खेळतोय आणि तुम्ही मधेच खेळ थांबवून पान उलटताय, 'थांबा, थांबा, असं चालत न्हाई वाटतं' म्हणताय, हे आजही डोळ्यांपुढं आहे. मी आठवीत होते, माझी धाकटी बहीण सहावीत. मी उंच आणि ढिली, ती ठेंगणी आणि चपळ. तिच्या हातातून बॉल निघायचा तो बरोबर माझ्या हातातच पडायचा. मला फक्त वर बघायचं असायचं.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तो दिवस आईला शेवटपर्यंत आठवत होता. नवीन गाव आखतानाही आमची बौद्ध वस्ती टोकालाच पडली होती, आणि शाळेतलं कुणी तिकडं आलंच तर उंबऱ्याबाहेर उभं राहून सही घेऊन जायचं. तुम्ही चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात आलात, चुलीपुढं जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "वहिनी, भाकरी झाली असली तर वाढा. सकाळपासून पोटात काही न्हाई." आईचा हात थांबला. तिनं आबांकडं पाहिलं. आबा खडी क्रशरवरून नुकतेच आले होते, केस धुळीनं पांढरे. ते म्हणाले, "वाढ की, बघतीस काय." तुम्ही दोन भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्लीत आणि तिसरी मागून घेतलीत. त्या दिवसापासून आबांच्या लेखी तुमचा शब्द मोडायचा नाही असं होऊन गेलं. तुम्हाला हे कळलं होतं का, सर? मला वाटतं, कळलं होतं. त्याचा तुम्ही फायदा घेतलात असं मी म्हणणार नाही. पण कळलं होतं.

तुमचा एक ओरडा माझ्या अंगात अजून आहे. जिल्ह्याच्या शाळांची स्पर्धा होती, शेवटचं मिनिट, आपण एका गुणानं मागं. बॉल माझ्या हातात होता, समोर दोघी अंगावर आल्या होत्या, तरी मी उडी मारून बॉल टाकला आणि तो कडीला लागून बाहेर गेला. हरलो. परतीच्या जीपमधे तुम्ही पुढं बसला होतात. मग मागं वळून म्हणालात, "तुझी बहीण मोकळी उभी होती. तुला दिसली न्हाई का तुला दाखवायचं होतं?" मी रडायला लागले. धाकटी माझी बाजू घेऊन म्हणाली, "सर, मीच हात वर केला नव्हता." केला होता. मला दिसला होता. पुढच्या महिन्यात तुम्ही सोलापुरातून माझ्यासाठी बूट आणलेत. मुलींच्यात माझ्या मापाचे मिळेनात म्हणून पुरुषांचे, पुढं कापूस भरून घालायचे. धाकटी अनवाणीच खेळत राहिली. तिला त्याचं काही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर तिनं ते दाखवलं नाही.

मी नववीत असताना तुम्ही पुन्हा त्या चुलीपुढं बसला होतात. भूकंपात जुन्या शाळेचे कागद ढिगाऱ्याखाली गेले होते आणि नवीन रजिस्टर दोन-तीन वर्षं कच्चंच होतं. आईबापांनी सांगितलेल्या तारखा सुट्या कागदांवर होत्या. ते पक्कं करायचं काम हेडमास्तरांनी तुमच्याकडं दिलं होतं, तुमचं अक्षर चांगलं म्हणून.

"थोरलीची उंची अजून वाढतीय," तुम्ही आबांना म्हणालात. "यंदा ती कच्ची हाय. दोन वर्षांत पक्की होईल, पण तवर सोळाखालच्या गटातून बाहेर पडलेली असंल. नुसती दोन वर्षं कमी लावली तर धाकटीच्या सालात येती, दोघी जुळ्या दिसतील. त्यापेक्षा दोघींच्या तारखा बदलून टाकू. हिची तिला, तिची हिला."

आबा म्हणाले, "आमाला काय कळतंय त्यातलं. सर म्हणत्याल तसं."

आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "धाकटीला काय अडचण न्हाय ना येणार?"

"तिला कसली अडचण? ती शिकंल, नोकरीला लागंल. दोन वर्षांनी काय फरक पडतोय."

धाकटी तेव्हा बाहेर हापशावर पाणी भरत होती. मी आत होते. तुम्ही माझ्याकडं वळून विचारलंत, "चालंल ना गं?" आणि मी मान हलवली. झालं. त्या संध्याकाळपासून कागदावर मी धाकटी आणि ती थोरली.

तुमचा हिशोब चुकला नाही. सतराव्या वर्षी मी सोळाखालच्या संघात राज्याकडून खेळले. माझ्या बरोबरीच्या म्हणून ज्या मुली समोर उभ्या असायच्या त्यांचे खांदे माझ्या दंडाशी यायचे, मी रिंगखाली पाठ लावून उभी राहिले की त्यांना हलवता यायचं नाही. वर्तमानपत्रात फोटो आला, तुम्ही तो शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवलात. धाकटी त्या वर्षी खरी पंधराची होती आणि कागदावर सतराची, म्हणून निवड चाचणीला तिला उभंच केलं नाही. तिला सांगितलं की तुझ्या कागदात काहीतरी घोळ आहे, भूकंपात सगळ्यांचेच घोळ झालेत. ती म्हणाली, "मग काय, मी बॉल उचलायला येते." आणि चाचणीचे दोन्ही दिवस ती कोर्टाबाहेर उभी राहून आमच्याकडं बॉल फेकत होती.

पुढं मला खेळाडूंच्या कोट्यातून सिकंदराबादला नोकरी लागली. बारा वर्षं मी खेळण्याचा पगार घेतला. सकाळी सराव, दुपारी कचेरीत नावापुरती हजेरी, संध्याकाळी परत सराव. देशभर फिरले. दोन दात पडले, नाक मोडलं, गुडघे गेले. एवढं असूनही ती वर्षं चांगली होती, सर, हे तुम्हाला सांगायला हवं. खेळ मला मनापासून आवडत होता. फक्त वर्षातून एक दिवस नको व्हायचा. संघातल्या मुली माझा वाढदिवस करायच्या, केक आणायच्या, तोंडाला फासायच्या, आणि तो दिवस धाकटीचा असायचा. मी तोंड धुऊन तिला फोन लावायचे. ती म्हणायची, "आक्का, तुला बरं ध्यानात राहतं गं दरसाली."

आता पुण्याच्या शिबिराचं लिहिते. ते टाळून पुढं जाता येणार नाही. अठराखालच्या संघाचं शिबिर होतं, राष्ट्रीय स्पर्धेला तीन आठवडे होते. सकाळी सरावाला निघाले तर तुम्ही स्टेडियमच्या पायरीवर बसलेले. मांडीवर पिशवी, अंगातला सदरा एसटीच्या प्रवासानं चुरगळलेला. मला आनंद झाला. तुम्ही हसला नाहीत.

"धाकटीचं लग्न ठरलंय," तुम्ही म्हणालात. "पुढच्या रविवारी."

मला घरून कुणीच कळवलं नव्हतं. आबांच्या छातीत खडीची धूळ भरली होती हे माहीत होतं, पण ते अंथरुणाला लागलेत हेही मला तिथंच कळलं. "आबा घाबरलाय," तुम्ही म्हणालात. "डोळे मिटायच्या आत एक तरी पोरगी उजवतो म्हणतोय. मी लई सांगितलं. पोरगी सोळाची हाय, दहावी तरी होऊ द्या. तर तुझा चुलता म्हणतो, कागदावर अठरा झाल्या की, गुरुजी. तुमीच लिवलंय."

मग तुम्ही पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसलात. "मी ग्रामसेवकाकडं जातो. खरं काय ते लिहून देतो. लग्न थांबंल. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण रजिस्टर निघालं की तुझंबी नाव निघंल. मग हे शिबिर गेलं, पुढची नोकरीबी गेली." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "तू सांग. तू न्हाई म्हणलीस तर न्हाई जात."

पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला असं सांगत आले की मी तेव्हा खूप वेळ गप्प बसले होते, रडले होते, आणि माझ्या गप्प बसण्यावरून तुम्ही काय ते समजलात. एका पोरीवर हा भार तुम्ही टाकायलाच नको होता, विचारायला न येता थेट ग्रामसेवकाकडं जायला हवं होतं, असा राग मी तुमच्यावर धरला. तो राग खरा आहे. आजही आहे. पण मी गप्प बसले नव्हते. आत शिटी झाली होती, मला उशीर होत होता. मी म्हणाले, "नको, सर." आणि आत पळाले. अठरा वर्षांची होते मी. खरी अठरा.

लग्न झालं. कुणीतरी तक्रार केली होती म्हणून ग्रामसेवक आला. त्याला शाळेचा दाखला दाखवला, त्यानं तारीख वाचली, बोटांवर मोजली आणि जेवायला बसला. हे मला आईनं नंतर सांगितलं. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं वंदना होत असताना तुम्ही मांडवाच्या पार मागं उभे होतात आणि न जेवता गेलात, हेही तिनंच सांगितलं. त्यानंतर तुम्ही आमच्या घरी कधी आला नाहीत. आबा वारले तेव्हा दारापर्यंत आलात. धाकटीचं पहिलं बाळंतपण सतराव्या वर्षी झालं, अडलेलं. मूल वाचलं नाही आणि तीही महिनाभर खाटेवर होती. पुढं दोन मुलगे झाले. नवरा ट्रकवर असतो, माणूस वाईट नाही. अंगणवाडीत ती मदतनीस आहे. दहावीच्या परीक्षेला तिनं पुन्हा कधी फॉर्म भरला नाही. भेटली की हसते, पोट धरून हसते, तशीच आहे ती अजून.

आणि तुम्हाला लकवा झाला तेव्हा उमरग्याच्या दवाखान्यात तुम्हाला डबा नेऊन द्यायची ती हीच धाकटी. तुमचा मुलगा दूर नोकरीला, तो येऊन जाऊन असायचा. ही तीन आठवडे रोज दोन्ही वेळा जायची, ज्वारीच्या कण्या-ताक करून चमच्यानं भरवायची. मला फोन करायची, "आक्का, सर तुझं नाव काढतेत. बोलता येत न्हाई नीट, पण तुझंच काढतेत. ये की." मला स्पर्धा होती. स्पर्धा खरंच होती. पण ती नसती तरी मी आले असते का, हे मला सांगता येत नाही. मी आले ती तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी.

हे सगळं आत्ताच का निघालं ते सांगते. ज्युनियर कॉलेजच्या माझ्या संघात एक मुलगी आहे, सीमेकडच्या खेड्यातली, कानडी मिसळून मराठी बोलते. अशी उंची आणि असे हात मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. राज्याच्या शिबिरात तिची निवड झाली. पण आता वय कागदावरून धरत नाहीत, सर. मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडं किती जुळून आलीत त्यावरून वय सांगतात. मीच तिला घेऊन गेले होते. ती हात काचेवर ठेवून हसत होती, मेंदी काढायला बसल्यासारखी. आठ दिवसांनी कळलं, तिची हाडं कागदापेक्षा मोठी निघाली. नाव कापलं. तिचा बाप माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. "गुरुजींनी पोरीचं भलं व्हावं म्हणून लिवलं, मॅडम. त्यांचं काय चुकलं?" मुलगी मात्र रडली नाही. तिनं मला विचारलं, "मॅडम, तुमच्या येळंला तुमचा काढला होता का एक्स-रे?"

मी म्हणाले, "तेव्हा काढत नव्हते."

"मग बरं झालं," ती म्हणाली. तिला त्यात काही टोचायचं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मी धाकटीकडं गेले. ती दारात मेथी निवडत बसली होती. मीही जुडी घेतली, शेजारी बसले आणि सांगायला लागले. चूल, भाकरी, रजिस्टर, तारखा. तिचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजी चूक नव्हती ती. सरांनी मुद्दाम केलं."

"हो."

"आन् तुला माहीत व्हतं."

"मी आतच होते. त्यांनी विचारलं, मी मान हलवली."

तिनं हातातल्या काडीची पानं खुडली. मग म्हणाली, "तू तरी काय करणार होतीस. लेकरू व्हतीस. मोठी माणसं बोलत व्हती." आणि माझ्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला, ऑपरेशनच्या गुडघ्यावर, हळूच. मला तेवढ्यानंच उठून जावंसं वाटलं. पण तिचं झालं नव्हतं. आवाज बदलला तिचा. "लगीन ठरलं तवा तरी त्यांनी सांगायचं व्हतं, आक्का. त्यांना तर माहीत व्हतं मी सोळाची हाय. एक शब्द बोलायचा व्हता. त्या माणसाला मी तीन आठवडे हातानं भरवलं. एकदा माझा हात धरून लई रडले. मला वाटलं, आजारपणाचं रडतेत."

सर, इथं मला बोलायचं होतं. जागा होती, तिनंच करून दिली होती. पुण्याची पायरी, तुमची पिशवी, तुमचा प्रश्न, माझे दोन शब्द. मी मेथीची काडी मोडली आणि म्हणाले, "हो. सांगायला हवं होतं त्यांनी."

तिनं मान हलवली. मग उठून आत गेली, चहा ठेवला, आणि तो पिताना आम्ही तिच्या धाकट्याच्या शाळेबद्दल बोललो. निघताना ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मन मोकळं केलंस." तेव्हापासून ती तुमचं नाव घेत नाही. परवा कुणीतरी तिच्यासमोर तुमची आठवण काढली तर उठून गेली म्हणे. इतकी वर्षं त्या गावात तुमच्याबद्दल सगळ्यात चांगलं बोलणारी ती होती.

पुढच्या रविवारी जाऊन उरलेलं सांगेन, असं इथं लिहायचा मोह होतो आहे. लिहीत नाही. मुलींना मी रोज सांगते, करायचं असेल तेवढंच बोला.

एक कबूल करते. ही वही मी तुमच्यासाठी उघडली नव्हती. मागच्या पानावर धाकटीचं नाव आहे, त्याखाली 'तुला एक सांगायचं राहिलं' एवढी ओळ, आणि पुढं काही नाही. दोन दिवस ती ओळ तशीच पाहत होते. आज पान उलटून तुम्हाला लिहायला घेतलं आणि एका बैठकीत एवढं लिहून झालं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, सर. तुम्ही वाचणार नाही.